वारा काय फाशावर ठरवायचा?

सध्या आमच्या मित्रमंडळीला नवं वेड लागलंय: समुद्री लढायांचा मिनिएचर गेम. ब्लॅक सीज त्याचं नाव. 2019 मध्ये आलेला आहे, पण आमच्यासाठी नवाच. 1770 ते 1830 चा शिडांच्या जहाजांचा काळ, 1:700 प्रमाणातली इवलीशी फ्रिगेट (तीन डोलकाठ्यांची युद्धनौका) आणि ब्रिग (दोन डोलकाठ्यांची, तिच्याहून लहान), दहा बाजूंचे फासे आणि मोजपट्टी. समुद्र म्हणून मंगलदास मार्केटमधलं निळं कापड. जहाजं आपणच जोडायची, रंगवायची आणि वर डोलकाठ्यांना दोरे बांधत बसायचं. हे शेवटचं काम मला मनापासून नावडतं. तोफांचा धूर म्हणून कापूस ठेवायचा, त्यामुळे पंखा बंद. मुंबईत, एप्रिलमध्ये. घरच्यांनी आम्हाला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

तरीही गेम झकास आहे, आणि त्याचं श्रेय तोफांना नाही, वाऱ्याला आहे. वाऱ्याच्या तोंडावर जहाज हाकता येत नाही. वळायचं तर वेग जातो, शिडं जास्त सोडली तर वेग मिळतो पण लढाई आटोक्यात राहत नाही. आमच्यातला एकजण सुरुवातीला फ्रिगेट रिक्षासारखी वळवायला गेला आणि वाऱ्याच्या तोंडावर अडकून पडला. समोरच्या ब्रिगने मागे जाऊन त्याच्या पिछाडीत तोफा डागल्या. शिडाच्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना तोफांची रांग असते, मागे मात्र जवळपास काही नसतं. शिवाय मागून आलेला गोळा जहाजाच्या लांबीभर फिरतो.

'मोठी माणसं बोटी-बोटी खेळतात' असं हसणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. 1942 मध्ये ब्रिटिश नौदलाने लिव्हरपूलला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्सच्या हाताखाली एक पथक उभं केलं. त्यातल्या बऱ्याचजणी नौदलात भरती झालेल्या तरुण मुली. जमिनीवर खडूने रेघा मारून त्या जर्मन पाणबुड्यांचे डाव खेळून बघत. पाणबुड्या मागच्या बाजूने मालवाहू जहाजांच्या ताफ्यात शिरतात, हे त्यांनी अशाच खेळातून ताडलं आणि त्यावर उतारा काढला.

आता माझा खरा मुद्दा. या गेमच्या काळात कान्होजी आंग्रे बसत नाहीत, ते 1729 मध्येच गेले. पण पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप बसतात! एप्रिल 1783 मध्ये त्यांच्या आरमाराने ईस्ट इंडिया कंपनीचं रेंजर हे बारा तोफांचं जहाज गाठलं आणि हातघाईच्या लढाईनंतर काबीज केलं. तेही मराठे-इंग्रज युद्ध थांबवणारा सालबाईचा तह 1782 मध्ये झालेला असताना. (ज्या विजयदुर्गावर 1756 मध्ये पेशव्यांच्याच संमतीने इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं, तोच पुढे धुळपांचा तळ. इतिहास कधीकधी फार आगाऊपणा करतो.)

मग काय, बाल्साच्या हलक्या लाकडातून मराठ्यांच्या गुराबा (मोठी शिडाची लढाऊ जहाजं) आणि गलबतं (लहान, वल्ह्यांवरही चालणारी) कोरली. भांडण लागलं ते नियमांवरून. एका मित्राचं म्हणणं, 'आपलं आरमार आहे, प्रत्येक फाशाला दोन जास्त द्या.' मी साफ नकार दिला. गलबत सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, तोफा चिमुकल्या. फ्रिगेटची एक सरबत्ती नीट बसली तर ते संपलं, आणि नियमातही ते संपलंच पाहिजे. त्याला फुकटची ताकद दिली की धुळपांची अक्कल कुठे दिसणार? आम्ही ठरवलं ते असं: गलबत वल्ह्यांवर थोडंच सरकेल, पण वारा कुठूनही असो, सरकेल. गुराब ओढूनही नेईल. गुराबेच्या मोठ्या तोफा नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, पुढे मारा करतील, कारण त्या खरंच तशा बसवलेल्या असत. शत्रूच्या जहाजावर चढून गेल्यावर माणसांची संख्या मोजायची.

वाऱ्याचा नियम मात्र सुचवला वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या मित्राने. वाऱ्याची दिशा फाशावर बदलते, हे वाचून तो हसायलाच लागला. 'अरे, आपल्याकडे वारा काय फाशावर येतो? सकाळी मतलई, दुपारनंतर खारा. पोराला विचार, तोही सांगेल.' शाळेत भूगोलात मार्कांपुरते पाठ केलेले ते दोन वारे! मग फासा बाजूला ठेवला. डावाच्या सुरुवातीला वारा जमिनीकडून, मधल्या फेऱ्यांमध्ये पडलेला, नंतर समुद्राकडून.

आणि डाव पार बदलला. वारा पडला की इंग्रजांचं जहाज जागच्या जागी, आणि गलबतं गुराबा ओढत त्याच्या पिछाडीला. पण तेवढ्यात काम उरकलं नाही आणि खारा वारा सुटला, की तेच जहाज आडवं होऊन आपल्याला फोडून काढतं. एका डावात माझ्या गलबतांचा असा चुराडा झाला की दोन जास्त मागणारा मित्र माझ्याकडे बघून नुसता चहा पीत राहिला. मी नियम बदलणार नाही. व्हॉट्सअॅपवर आरमाराच्या गौरवाचे जे संदेश फिरतात त्यांत विजय असतो, पण तो किती थोड्या वेळात साधावा लागायचा हे नसतं.

पुढचा बेत ग्रीसमधल्या नवारिनोच्या समुद्री लढाईचा, 1827. तिथलं ब्रिटिश निशाणाचं जहाज (ज्यावर ताफ्याचा सेनापती असतो) एशिया आपल्या मुंबईच्याच गोदीत, जहाजबांधणी करणाऱ्या वाडियांच्या हाताखाली बांधलेलं. त्याला सहा बाय चार फुटांचं टेबल लागेल, आणि आमच्यापैकी कुणाच्याच घरात ते मावत नाही. दादर ते ठाणे कुणाकडे सोसायटीचा हॉल मिळत असेल तर कमेंटमध्ये सांगा. एसी असेल तर धूर आमचा, चहाही आमचा.