पहिल्या ओळीतला 'आपण'

पहिली ओळ वाचून लेखक प्रेमळ आहे की खडूस हे ओळखता येतं, असं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. एक गोष्ट मात्र तिथे हमखास उघडी पडते. हा माणूस वाचकावर किती भरवसा टाकतो?

'आजच्या धकाधकीच्या जीवनात...' ही सुरुवात घ्या. यात चूक काहीच नाही, आणि अडचण तीच. कुणी हरकत घेऊच शकणार नाही असं वाक्य पुढे करून लेखक आधी सुरक्षित जागा धरतो. 'मी काही तज्ज्ञ नाही, पण...' हा त्याचाच सख्खा भाऊ; दगड पडायच्या आधीच ढाल वर. 'तुम्ही कधी विचार केलाय का?' असं विचारणाऱ्याने, वाचकाने तो केलेला नाही, हे धरलेलंच असतं. आणि शब्दकोशातली व्याख्या देऊन सुरू करणारे (ही जमात काही संपत नाही) स्वतःच्या म्हणण्यावर कोशाचा शिक्का मारून घेतात.

याउलट जर्मन भाषेत लिहिणारा कथाकार काफ्का. १९१५ साली छापून आलेल्या 'मेटामॉर्फॉसिस'च्या पहिल्याच वाक्यात ग्रेगॉर साम्सा किडा होऊन जागा होतो. का, कसा, एक अक्षर नाही. वाचक टिकेल, याची खात्री असल्याशिवाय असं लिहवत नाही.

तपासायचं असेल तर पहिलं वाक्य कागदावर उतरवा आणि त्यातली विशेषणं खोडा. जे उरेल त्यात कर्ता कोण ते बघा. मराठीत इथे फार मजा आहे. 'आम्ही' म्हटलं की वाचक बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की न विचारता आत ओढला जातो. 'आपण सगळेच स्वार्थी झालो आहोत' लिहिणारा स्वतःची कबुली देताना दिसतो, पण दोष सगळ्यांत वाटून मोकळा होतो. तेच 'मी' घालून लिहायला जास्त धीर लागतो.

मग पहिला परिच्छेद हाताने झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. काहीच अडलं नाही, तर पहिला परिच्छेद म्हणजे नुसतं घसा खाकरणं. गोष्ट लिहून झाली की सुरुवात आणि शेवट खोडून टाकावा, आम्ही लेखक तिथेच जास्त खोटं बोलतो, असं रशियन कथाकार चेखव म्हणत, ही आठवण त्यांच्या ओळखीतल्या बुनिन या लेखकाने नोंदवली आहे.

हा अंदाज चुकतो कुठे? कथा-कादंबरीत, कारण तिथे बोलतो तो निवेदक. फ्रेंच लेखक काम्यूच्या १९४२ सालच्या 'द स्ट्रेंजर' या कादंबरीत आई गेल्याचं कोरडेपणाने सांगणारा म्यर्सो आहे, काम्यू नव्हे. शिवाय अनुवादात त्या कोरडेपणाचं मापही बदलतं: १९४६च्या इंग्रजी अनुवादात मूळ फ्रेंचमधल्या आईसाठीच्या घरगुती 'मामाँ'च्या जागी औपचारिक 'मदर' आलं, १९८८च्या अनुवादाने 'मामाँ' तसंच ठेवलं.

लेखांतही पहिली ओळ सगळ्यात जास्त घासलेली असते. बरेचदा ती शेवटी लिहिलेली असते, कधी संपादकाने खालून उचलून वर आणलेली. म्हणून चौथं-पाचवं वाक्य वाचावं. तिथे सावधपणा सैल झालेला असतो. वरचा 'आपण' तिथवर टिकलाय, की त्याचा गुपचूप 'तुम्ही' झालाय, एवढं बघा.