पीडीएफ वाटणे ही भाषासेवा नव्हे

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एका नव्या मराठी कादंबरीची पीडीएफ आली. कुणीतरी अख्खे पुस्तक स्कॅन केलेले. मी लिहिले, हे काढ, गुन्हा आहे. उत्तर आले, "अरे, मराठी वाचतंय कोण? निदान फुकट तरी वाचू देत. तुला युरोत पगार, तुला काय कळणार!" खाली अंगठ्यांची रांग लागली.

युरोचा टोमणा झोंबला, पण आधी कायद्याचे बोलू. 'गुन्हा' ही कल्पना मी जिथे राहतो त्या जर्मनीतल्या म्युनिकहून आणलेली नाही. आपल्याच 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 63 सहा महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगते. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. कमाईचा हेतू नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते, पण गुन्हा पुसला जात नाही. शिवाय प्रकाशक दिवाणी दावा लावून मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागू शकतो.

जर्मनीतही अशा साध्या प्रकरणात कैद जास्तीत जास्त 3 वर्षांचीच. कागदावर आपण मवाळ मुळीच नाही. फरक एवढाच की इथे पत्र येते. टॉरेंटवरून, म्हणजे एकमेकांच्या संगणकांवरून फाइल घेण्याच्या पद्धतीने, सिनेमा उतरवताना तो आपल्याकडून इतरांना वाटलाही जातो. हक्कधारक आयपी पत्ता, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, टिपतो, न्यायालयाच्या आदेशाने इंटरनेट कंपनीकडून नाव मिळवतो आणि वकिलाचे आबमानुंग, म्हणजे ताकीदपत्र, दारात येऊन पडते: पुन्हा करणार नाही असे सही करून द्या आणि शेकडो युरो भरा. 2017 मध्ये तर इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवले की कोणत्या मुलाने केले हे ठाऊक असून आईवडील नाव सांगत नसतील, तर भरपाई त्यांनीच द्यावी. मला हे जाचक वाटते. तरीही इथे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच भेटीत बजावतो.

पण नुसत्या धाकाने लेखक जगत नाही. इथे यूएसबी स्टिक घेतली तरी तिच्या किमतीत लेखक-कलावंतांचा वाटा असतो. वाचनालयातून पुस्तक घरी नेले तरी फाउगे वोर्ट या लेखकांचे हक्काचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेमार्फत लेखकाला थोडे पोचते. आपल्याकडे तसे काही नाही. विकल्या गेलेल्या प्रतीवर मिळेल तेच मानधन. जिथे आवृत्तीच 500 किंवा 1000 प्रतींची निघते, तिथे शाळेच्या एका ग्रुपवरची फाइलही जड जाते. त्याला भाषासेवा म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आणि हो, मला परवडते. पुण्याहून पार्सल मागवले की टपालखर्च पुस्तकांपेक्षा जास्त होतो, तरी मागवतो. दिवसभर मी जर्मन आणि इंग्रजीत वावरतो. मुलगी मराठी बोलते, वाचत नाही. तिकडे महाराष्ट्रात भाषा रस्त्यावर, रिक्षात, शेजारच्या घरात ऐकू येते. एखादे पुस्तक कमी निघाले तर तिथल्यांना जाणवणारही नाही. मला जाणवते. "तुला काय कळणार" हे लागले, कारण कधी कधी मलाही वाटते की मराठीत आता माझी जागा फक्त गिऱ्हाइकाची उरली आहे. तेवढी तरी मला राखायची आहे. नवे पुस्तक त्याच दिवशी ई-पुस्तक म्हणून परदेशातही विका, असे मी प्रकाशकांना लिहितो आहे. किंमत पुण्यातली लावा नाहीतर दुप्पट, मी घेईन.