खांबाची नक्षी नंतर बघा, आधी तळखडा बघा

नागपुरात महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांत एखादा जुना वाडा नव्याने उभा राहिला की कौतुक होतं ते नक्षीच्या खांबांचं. साग घासला, पॉलिश मारलं, फोटो झकास. माझं म्हणणं एवढंच, की जरा खाली वाका आणि तो खांब कशावर उभा आहे ते बघा.

खांबाखाली दगडी तळखडा असतो. तो फरशीच्या वर चार-सहा इंच ठेवतात, ते शोभेसाठी नाही. जमिनीची ओल त्या दगडाशी अडते. उधईला, म्हणजे वाळवीला, लाकूड गाठायचं तर उघड्या दगडावरून मातीची नळी बांधत यावं लागतं, आणि ती झाडताना दिसते. आता होतं काय, जुन्या फरशीवरच सिमेंटचा कोबा, त्यावर टाइल, म्हणजे जमीन तीन इंच वर. तळखडा गडप, कडेने सिमेंटची पट्टी. खांबाचा पाय आतून भुसा होत राहतो, बाहेर पॉलिश चकाकतंच. बुडाशी पेचकस (स्क्रूड्रायव्हर) टोचा. टोक अर्धा इंच सहज आत गेलं तर तेवढा पाय कापून जुन्याच सागाचा जोड द्यावा लागेल. त्याआधी तुळईखाली जॅक आणि टेकू, आणि एका वेळी एकच खांब. जुनी फरशी उखडूनच नवी घाला. खर्च वाढतो, वाढू द्या. लाकडावर प्लास्टिकसारखं जाड पॉलिशही नको, आपल्याकडचं जवसाचं तेल पातळ हाताने दोनदा पुरतं.

दुसरी चूक भिंतीची. माती-चुन्यातल्या पातळ विटांवर सिमेंटचं प्लास्टर मारलं की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती वर चढते, खार फुटतो, आणि प्लास्टर सुटताना विटेचा पापुद्रा घेऊन येतं. मग 'जुन्या विटेतच दम नव्हता' म्हणायला सगळे मोकळे! कळीचा (भाजलेला, कोरडा) चुना पाण्यात विरवून, गाळून निदान पंधरा दिवस पाण्याखाली राहू द्या. चुना एक, वाळू तीन. थर अर्ध्या इंचाच्या आत, दुसरा आठ-दहा दिवसांनी. विरवताना कच्चे खडे राहिले तर ते नंतर भिंतीत फुगतात आणि बंद्या रुपयाएवढे टवके उडतात.

हे काम दिवाळी ते संक्रांत या दिवसांतलं. मे महिन्याच्या 45 अंशांत थर घट्ट होण्याआधीच वाळतो, हात फिरवला की पीठ निघतं. ठेकेदाराला मात्र उन्हाळाच हवा, पावसाआधी उरकायचं म्हणून.

वाड्याच्या मधल्या उघड्या चौकावर फायबरची शीट घालणाऱ्यांना तर हात जोडावेत. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते, म्हणून ओसरी गार. तो झाकला की माडीची भट्टी, मग माडीच्या खिडकीत कूलर, आणि त्याचं पाणी चार महिने खालच्या तुळईच्या टोकावर ठिबकतंय.

मागे संडास-बाथरूम जोडायचंच असेल तर पाया काळ्या मातीच्या खाली, मुरुमापर्यंत न्या. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनी भिंत तिच्यावर कधीच बसून गेलेली, नवं बांधकाम वेगळं हलणार. जुन्या विटांत सळया खोवू नका, इंचभर सांधा मोकळा सोडा. आणि नवा स्लॅब जुन्या भिंतीवर टेकवू नका; पाच इंची स्लॅबचं वजन एका चौरस मीटरला 300 किलोच्या वर जातं.

काँक्रीटशी माझं वैर नाही. पण काँक्रीटच्या कॉलमला कोरीव फळ्या चिकटवल्या तर त्याला नवं घर म्हणा ना, त्यात कमीपणा काय?

राहिली वायरिंग. भोसल्यांचा राजवाडा 1864 मध्ये आगीत गेला, तेव्हा तर नागपुरात वीजही नव्हती. तुळईला खिळ्यांनी थेट वायर ठोकू नका. पाइपातून न्या, आणि कूलरची लाइन वेगळ्या एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यावर) ठेवा.