टीन कोर्ट : एका आक्षेपाला उत्तर

आपण इतके मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. टीन कोर्टात, म्हणजे किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांची शिक्षा त्यांच्याच वयाची मुले ठरवतात अशा न्यायालयात, सोळा वर्षांच्या मुलांनी सोळा वर्षांच्याच मुलाला शिक्षा ठरवून देणे हा न्यायाचा पोरखेळ आहे, आणि पहिल्यांदा चुकलेली बहुतेक मुले तशीही पुन्हा त्या वाटेला जात नसल्याने या न्यायालयांचे यश फसवे आहे, असे आपले म्हणणे आहे.

पोरखेळाचा आक्षेप मला पटत नाही. अमेरिकेतील बहुतेक टीन कोर्टांत दोषी की निर्दोष हे मुले ठरवतच नाहीत. गुन्हा कबूल केल्यावरच प्रकरण तिथे येते आणि उरतो तो भरपाईचा प्रश्न. दुकानातून वस्तू उचलल्याचे प्रकरण घ्या. मोठ्यांनी 'का केलेस?' असे विचारले की मान खाली घालून 'चुकलो' म्हणता येते. ज्युरीतली मुले विचारू शकतात, 'सोबत कोण होते? ते नसते, तर उचलली असतीस का?' तिथे पाठ केलेले उत्तर टिकत नाही. समाजसेवा आणि माफीपत्राबरोबरच अनेक ठिकाणी पुढच्या प्रकरणांत ज्युरी म्हणून बसण्याची अट असते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते, कारण काल ज्याने सबबी सांगितल्या, त्याला आज दुसऱ्याच्या सबबी तोलाव्या लागतात.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. अर्बन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चार राज्यांच्या अभ्यासात टीन कोर्टातील मुलांची तुलना नेहमीच्या यंत्रणेतून गेलेल्या तशाच मुलांशी केली होती. सहा महिन्यांत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण अलास्कात ६ विरुद्ध २३ टक्के, तर मिसुरीत ९ विरुद्ध २८ टक्के निघाले, तेव्हा सारे श्रेय 'तशीही सुधारली असती' या शक्यतेला देता येत नाही. मेरीलँडमध्ये मात्र आकडे उलटे, ८ विरुद्ध ४ टक्के, आले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम नव्हता. शिवाय तिथे तुलनेसाठी घेतलेली मुले पोलिसांच्याच एका पर्यायी कार्यक्रमातून गेली होती, ज्यात सेवा आणि अटी बऱ्याच अंशी सारख्याच होत्या.

म्हणूनच टीन कोर्ट नेमके कशाच्या जागी येते, हे आधी पाहावे लागते. ज्या मुलाला समज देऊन घरी पाठवले असते, त्याला ज्युरीपुढे उभे करण्याला माझाही विरोध आहे. पण ज्याच्यावर एरवी रीतसर खटला चालला असता, त्याला ही वाट नाकारू नये, असे मला मनापासून वाटते.