समुद्रातून येताना काय काय आणाल?

परवा एका उत्साही मंडळीने फोटो धाडला. गोव्याच्या समुद्रात बुडालेल्या जुन्या जहाजावरून, डुबकी मारून उचललेलं कौल, बाथरूमच्या फरशीवर वाळत घातलेलं. खाली प्रश्न: "किती जुनं असेल? किती येतील?" म्हणून ही मार्गदर्शिका. ज्यांना अजून काहीच उचलता आलेलं नाही, त्यांची गैरसोय नको.

सुरुवात नांगरापासून. बोट नेमकी बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्याच्या डोक्यावर उभी करा आणि चार नख्यांचा नांगर थेट खाली सोडा. वाळूत टाकला तर पोहत जावं लागतं, सिलिंडरमधली हवा फुकट जाते. घट्ट अडकला म्हणजे जुन्या फळीत नाहीतर पत्र्यात छान बसला. निघताना इंजिन लावून ओढा. येईल ते येईल.

हातमोजे घालाच, म्हणजे कुठेही लोंबकळता येतं.

कंबरेला दोन किलो शिसं जास्त बांधा. तरंगत राहण्याची कटकट नाही, गुडघे टेकून मस्त फिन्स मारा. मागच्याला गढूळ पाण्यात काही दिसणार नाही, पण तो तसाही रीलच काढणार होता. त्या गाळाखाली हवा पोचत नाही म्हणून लाकूड टिकलेलं असतं. तुम्ही ते उघडं केलंत की लाकूड पोखरणाऱ्या टेरेडो या समुद्रजीवाची सोय होते. तेवढंच पुण्य.

लोखंडी सांगाड्याच्या पोटात शिरून निवांत श्वास सोडा. बुडबुडे डेकखाली साठतात आणि पत्र्याला आतून गंजायला प्राणवायू मिळतो.

आता मुख्य विषय, माल. गोव्याजवळच्या सेंट जॉर्जेस रीफवर, म्हणजे समुद्रातल्या खडकावर, बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेच्या कारखान्याची कौलं, विटा, मातीच्या खांबांचे तुकडे पडलेत. कौलावर 1865 दिसलं की लगेच जाहीर करा, जहाज 1865 साली बुडालं. ते मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे आणि पुढेही छापत राहिले, हे कशाला बघायचं? कौल उचला आणि चला. अहो, पण हेच कौल कोकणात नि गोव्यात कितीतरी जुन्या घरांच्या छपरावर आहे! पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून फुकट मिळेल. समुद्रातल्या कौलाचं मोल एवढंच की ते कशाशेजारी, कोणत्या थरात, कसं रचलेलं होतं. जहाज केव्हाचं, कुठून निघालं, माल कसा भरला होता, हे त्यावरूनच काढायचं असतं. जागेवरून हललं की ते नुसतं कौल.

आणि वाळवायचं तर असंच उन्हात. भाजलेल्या मातीत मुरलेलं मीठ वाळताना स्फटिक होऊन फुगतं. आधी पांढरी भुकटी धरते, मग पापुद्रे सुटतात. चिनी मातीच्या ताटलीची झिलई टवके होऊन हातात येते. म्हणून असल्या वस्तू ओल्याच ठेवतात, समुद्राच्या पाण्यातून हळूहळू गोड्या पाण्यात आणतात आणि मीठ निघायचं थांबेपर्यंत पाणी बदलत बसतात. महिने जातात. बिडाच्या तोफेचं तर आणखी अवघड. तिच्यातलं लोखंड विरघळून वरच्या थरात ग्राफाइट उरलेलं असतं, सुरीने खरवडता येईल इतकं मऊ. वरचं दगडी कवच हातोडीने फोडलंत तर नक्षी, मुद्रा, सगळं कवचाबरोबर निघून येतं. प्रयोगशाळेत तिला दोनेक टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून सौम्य वीजप्रवाह देत ठेवतात, कधी कधी वर्षानुवर्षं. समुद्रातून काढलेल्या स्वीडनच्या 'वासा' जहाजाच्या लाकडावर 17 वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन फवारत होते. तुमच्याकडे बादली आहे आणि रविवार आहे.

गोव्याच्याच सुंची रीफवर हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, ब्रह्मदेशी मर्तबान रांजणांची खापरं, चिनी मातीची भांडी मिळाली. ती नोंद करून काढली, म्हणून सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज व्यापाराबद्दल काही बोलता येतं. त्यातला एखादा दात कुणाच्या शोकेसमध्ये गेला असता तर तो 'कसला तरी दात' झाला असता.

कायद्याची काळजी करू नका म्हणणारे भेटतातच. पाण्याखालच्या वारशाबद्दलचा 2001 चा युनेस्कोचा करार भारताने मान्य केलेला नाही, म्हणे रान मोकळं. मूर्खांनो, शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते, आणि विनापरवाना देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. 'किती येतील' विचारताय तो पुरावा तुम्हीच फोटोसकट पाठवताय!

बस झालं. हात लावू नका. काही दिसलं तर शेजारी मापासाठी पट्टी किंवा निदान चाकू ठेवून, वस्तूला न शिवता फोटो काढा. खोली आणि वेळ लिहा, वर आल्यावर बोटीच्या जीपीएसचे आकडे घ्या. ते आकडे रीलखाली टाकू नका. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला किंवा पुरातत्त्व सर्वेक्षणाला कळवा. आधीच उचललं असेल तर वाळवू नका, झाकणाच्या डब्यात समुद्राच्याच पाण्यात बुडवून ठेवा आणि लाज न बाळगता तेही सांगा. आणि बोटवाल्यांनो, नांगर बाजूच्या वाळूत टाका. माणशी पैसे तेवढेच मिळतात.