पॉवरसेव्ह लावून बॅटरी दुप्पट होत नाही

टेलिग्रामच्या गटांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फोन रूट करा (म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरचा पूर्ण ताबा घ्या), गव्हर्नर (प्रोसेसरने किती वेगाने पळायचं ते ठरवणारा सॉफ्टवेअरचा भाग) 'पॉवरसेव्ह'वर टाका, मोठे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) बंद करा, व्होल्टेज शंभर मिलिव्होल्टने खाली आणा, की बॅटरी दुप्पट चालते. धोका शून्य. आणि कंपन्या हे सांगत नाहीत, कारण तुमची बॅटरी लवकर मेली तरच त्यांचा पुढचा फोन खपतो.

मेसेज लिहिणारा अगदीच अडाणी नाही. यातली बहुतेक वाक्यं कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या फोनवर अर्धीमुर्धी खरी होती. म्हणूनच नुसतं 'फेक आहे' म्हणून भागत नाही.

"व्होल्टेज कमी केलं की वीज वाचते"

वाचते. चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज जाते ती वेगाच्या सरळ प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग तोच ठेवून १ व्होल्टचं ०.९ केलं तर या खर्चातले १९ टक्के वाचतात. प्रोसेसरचा वेग उतरवण्यातली मोठी कमाईसुद्धा वेगात नसते, त्याच्यासोबत उतरणाऱ्या व्होल्टेजमध्ये असते.

नेक्सस एस आणि पहिल्या गॅलेक्सी एसच्या जमान्यात, म्हणजे २०१०-११ च्या सुमाराला, हा खेळ मनसोक्त चालायचा. १ गिगाहर्ट्झची, ४५ नॅनोमीटरची हमिंगबर्ड चिप, सोबत एखादं कस्टम कर्नल (हौशी लोकांनी बदललेला, फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), आणि प्रत्येक वेगासाठी किती मिलिव्होल्ट द्यायचे याचा उघडा तक्ता. कारखान्यातून निघणाऱ्या दोन चिपा हुबेहूब सारख्या कधीच नसतात, त्यामुळे व्होल्टेज ठरवताना कमकुवत चिपेलाही पुरेल इतका वाव ठेवावा लागतो. ज्याच्या नशिबी चांगली चिप आली त्याला तो वाव कापून खाता यायचा. मेसेजमधला शंभर मिलिव्होल्टचा आकडा त्या काळच्या चर्चांमधूनच उचललेला वाटतो.

तो वाव चिप बनवणाऱ्यांनाही दिसत होताच. २०१३ च्या स्नॅपड्रॅगन ८०० या चिपेत क्वालकॉम कंपनीने चिपा तपासून त्यांची प्रतवारी केली आणि प्रत्येक प्रतीला वेगळा व्होल्टेजचा तक्ता दिला. पुढे चिपेतच सेन्सर आले. आतली सर्किटं या क्षणाला, या तापमानाला किती जोरात पळू शकतात हे मोजून व्होल्टेज चालू कामातच कमी-जास्त केलं जातं. तुम्ही हाताने जे करू पाहताय ते चिप स्वतःच करतेय, आणि सतत करतेय. स्नॅपड्रॅगन ८४५ च्या पिढीपासून तर सीपीयूचं, म्हणजे मुख्य प्रोसेसरचं, व्होल्टेज कर्नलच्या हातातही राहिलं नाही. कर्नल फक्त 'अमुक वेग हवा' असं मागतं, बाकीचं चिपेतला स्वतंत्र भाग बघतो. अशा फोनवर एखाद्या अ‍ॅपमध्ये व्होल्टेजची पट्टी दिसत असेल, तर ती डावीकडे ओढल्याने समाधानाखेरीज काही मिळण्याची शक्यता फार कमी.

"पॉवरसेव्ह गव्हर्नर लावा, प्रोसेसर कमी खातो"

या एका वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

लिनक्स कर्नलमधला पॉवरसेव्ह गव्हर्नर फार हुशारीचं काही करत नाही. ठरवून दिलेल्या मर्यादेतल्या सगळ्यात कमी वेगावर प्रोसेसरला बांधून ठेवतो, बस्स. काम असो वा नसो. अँड्रॉइड फोनवर आधी ऑनडिमांड, मग इंटरअ‍ॅक्टिव्ह असे गव्हर्नर होते. २०१६ मध्ये लिनक्स ४.७ सोबत शेडयुटिल आला आणि आजच्या बहुतेक फोनवर तो किंवा त्याचाच एखादा अवतार असतो. कुठल्या कोअरवर किती काम साठलंय हे थेट शेड्यूलरकडून (कुठलं काम कुठल्या कोअरला द्यायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाकडून) घेऊन तो वेग ठरवतो, आणि हा निर्णय सेकंदात शेकडो वेळा होऊ शकतो.

पण 'कमी वेग म्हणजे कमी वीज' यात चूक कुठे आहे? चूक अशी, की बॅटरी रिकामी होते ती एका क्षणाला किती वीज लागते एवढ्यावरच नव्हे, तर ती किती वेळ लागते यावरही. शिवाय व्होल्टेजला तळ असतो. एका मर्यादेखाली वेग कितीही उतरवला तरी व्होल्टेज उतरत नाही, कारण त्याखाली सर्किट भरवशाने चालतच नाही. त्या तळाला पोचल्यावर वेग आणखी कमी करून वर्गाच्या हिशेबातली कमाई मिळत नाही, काम मात्र लांबतं. आणि काम लांबतं तेवढा वेळ चिपेतून गळणारी वीज, मेमरी, स्क्रीन, सगळं चालूच राहतं. रिक्षावाल्याला सावकाश चालवायला सांगितलं म्हणून भाडं कमी होत नाही, वेटिंगचा मीटर पडतच असतो.

सोयीसाठी घेतलेल्या आकड्यांवर हिशेब करू. तुम्ही नकाशा उघडताय आणि तो उघडेपर्यंत स्क्रीनकडे बघत थांबलाय. स्क्रीन आणि बाकीचा फोन मिळून १ वॉट खातो. प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झवर २ वॉट घेऊन काम १ सेकंदात संपवतो: एकूण ३ ज्यूल (वॉट गुणिले सेकंद). ६०० मेगाहर्ट्झवर तो फक्त पाव वॉट घेतो, पण काम ४ सेकंद चालतं: प्रोसेसरचा १ ज्यूल, बाकीच्यांचे ४, एकूण ५. आणि मधल्या १.६ गिगाहर्ट्झवर ०.८ वॉटने दीड सेकंद: १.२ अधिक १.५, म्हणजे २.७ ज्यूल.

सगळ्यात स्वस्त पडला तो मधला वेग. कमाल वेगाजवळचा शेवटचा टप्पा खरोखर उधळा असतो, कारण तिथे थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. पण तळाशी बसून राहणं हीसुद्धा काटकसर नाही. मेसेज लिहिणाऱ्याने पहिली गोष्ट बरोबर हेरली आणि उपाय नेमका दुसऱ्या टोकाचा सांगितला.

याला अपवाद आहे, तोही सांगतो. ज्या कामाला शेवटच नाही, उदाहरणार्थ खिशात फोन ठेवून गाणी ऐकणं, तिथे लवकर संपवण्यासारखं काही नसतं आणि कमी वेग चांगलाच. पण अशा वेळी शेडयुटिलही वेग खालीच ठेवतो, तुम्हाला काही लावावं लागत नाही.

"मोठे कोअर बंद करा"

चिपांची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने २०११ मध्ये बिग-लिटल रचना जाहीर केली ती याचसाठी, की हलकी कामं छोट्या कोअरवर आणि जड कामं मोठ्यावर जावीत. कुठलं काम कुठे टाकलं तर कमी ऊर्जा लागेल याचा हिशेब करणारं शेड्यूलिंग २०१९ मध्ये लिनक्स ५.० च्या मुख्य कर्नलमध्ये आलं. अँड्रॉइड फोनच्या कर्नलमध्ये ते त्याच्याही आधीपासून होतं.

मोठे कोअर बंद केले की त्यांचं काम नाहीसं होत नाही, छोट्यांवर येऊन पडतं. मग छोटे कोअर त्यांच्या कमाल वेगावर, म्हणजे त्यांच्या सगळ्यात उधळ्या टप्प्यात पळू लागतात. ताण दिलेल्या छोट्या कोअरपेक्षा आरामात चालणारा मधल्या आकाराचा कोअर त्याच कामाला कमी ऊर्जा घेतो असं अनेक चिपांमध्ये होतं. त्यात एका गटातल्या कोअरना बहुधा एकच वेग आणि एकच व्होल्टेज मिळतं. एकाला पळवायचं तर त्या गटात त्या वेळी जागे असलेले बाकीचेही त्याच वेगाला खेचले जातात. रिकामा मोठा कोअर तसाही झोपलेलाच असतो, त्याला वेगळं मारून काय साधणार?

"कंपन्या मुद्दाम बॅटरी मारतात"

या संशयाला एक खरा प्रसंग खतपाणी घालतो. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलला मान्य करावं लागलं की जुन्या बॅटरीच्या आयफोनचा कमाल वेग सॉफ्टवेअर अपडेटमधून उतरवला जात होता. बोभाटा झाला, अ‍ॅपलने माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलायचा खर्च ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि पुढे २०२० मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली.

पण तिथे काय केलं होतं ते नीट बघा. बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम मोठा प्रवाह मागितला की तिचं व्होल्टेज कोसळतं आणि ३०-४० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन धाडकन बंद पडतो. ते टाळायला वेगाची शिखरं छाटली होती. म्हणजे मेसेज जे करायला सांगतो, साधारण तेच. गुन्हा लपवण्याचा होता, आणि तो लहान नव्हता: बॅटरी बदलली तर फोन पूर्ववत होईल हे ग्राहकाला कळलंच नाही.

वनप्लस ९ प्रोमध्ये लोकप्रिय अ‍ॅप मोठ्या कोअरपासून दूर ठेवली जात असल्याचं २०२१ मध्ये उघड झालं. २०२२ मध्ये गॅलेक्सी एस २२ च्या, वेग रोखणाऱ्या गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिसवरून तसाच गदारोळ झाला. दोन्ही वेळा फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंचने ते फोन आपल्या यादीतून काढले. या प्रकरणांत कंपन्या वेग चोरून कमी करत होत्या, वाढवत नव्हत्या. त्यांच्यावर राग काढायचाच असेल तर जाहिरातीत मिरवायच्या कमाल आकड्यासाठी चिपेला त्या उधळ्या टप्प्यात ढकलतात यावर काढा. चिप कुठल्या कारखान्यात छापली जाते यानेही किती फरक पडतो बघा: स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगकडून टीएसएमसीकडे गेली, ८ प्लस जेन १ झाली, आणि सीपीयू आणि जीपीयूची (ग्राफिक्स सांभाळणाऱ्या भागाची) वीज ३० टक्क्यांपर्यंत कमी लागते असं क्वालकॉमनेच सांगितलं. इतकं कुठल्याही स्लायडरने मिळत नाही.

"धोका काहीच नाही, फार तर फोन रीस्टार्ट होईल"

रीस्टार्ट झाला तर बरं, निदान कळतं तरी. व्होल्टेज जेमतेम अपुरं असेल तर चिप बंद न पडता एखादा हिशेब चुकवते. एखादा बिट उलटतो, फोटोची फाइल किंवा डेटाबेसचं पान बिघडतं आणि महिन्याभराने काहीतरी उघडत नाही म्हणून तुम्ही मेमरीला दोष देता. वरवर फुकट दिसणारा तो वाव अचानक वाढणारा भार, उष्णता आणि वयोमानाने मंदावणारे ट्रान्झिस्टर यांच्यासाठी राखलेला असतो.

२०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी क्लॉकस्क्रू नावाचा हल्ला करून दाखवला. नेक्सस ६ वर निव्वळ सॉफ्टवेअरमधून वेग आणि व्होल्टेज ताणून त्यांनी चिपेच्या सुरक्षित कप्प्यात चूक घडवली आणि तिथली गुप्त किल्ली काढली. हे नियंत्रण उघडं ठेवायला चिप बनवणारे का कचरतात ते यावरून समजावं.

रूटचं वेगळंच. बूटलोडर (फोन सुरू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालवायचं ते ठरवणारा भाग) उघडताना फोनमधला डेटा पुसला जातो. अनेक बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात. सॅमसंगच्या फोनमधला नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज एकदा उडाला की उडाला, खाजगी फाइलींचं सिक्युअर फोल्डरही त्याबरोबर गेलं. बॅटरी वाचवून दुकानात पैसेच देता येत नसतील तर काय फायदा?

"बॅटरी दुप्पट"

५००० मिलिअँपिअर तासांच्या बॅटरीत साधारण १९.२५ वॉट-तास ऊर्जा असते. स्क्रीन चालू असताना फोन सरासरी २ वॉट घेतो आणि त्यातला पाचवा हिस्सा सीपीयूचा, असं धरू. व्होल्टेजचं सगळं जमलं, १९ टक्के खरंच वाचले, तर २ वॉटचे १.९२४ होतात. ९ तास ३७ मिनिटांऐवजी फोन १० तास चालेल. तेवीस मिनिटं.

कॅरोल आणि हायझर या संशोधकांनी २०१० मध्ये एका फोनचे भाग वेगवेगळे मोजले, तेव्हाही स्क्रीनचा प्रकाश आणि मोबाइल नेटवर्क हेच मोठे खाऊ निघाले होते. कोकणात जाणाऱ्या एसटीत बसून बघा. घाटात रेंज येते-जाते, टॉवर लांब गेला की फोन जास्त ताकदीने बोलतो, आणि खिशातल्या खिशात टक्के उतरतात. प्रोसेसर तेव्हा जवळपास झोपलेला असतो. मे महिन्यात अकोल्यात-नागपुरात दुचाकीच्या हँडलला फोन लावून डिलिव्हरी करणाऱ्यांचं तर विचारूच नका: पूर्ण ब्राइटनेस, ४५ अंशांची हवा, वर ऊन. चिप तापली की तिच्यातून गळणारी वीजही वाढते, आणि त्या उष्णतेने बॅटरीचं आयुष्य कायमचं घटतं. अशा फोनला सावली आणि कमी ब्राइटनेस हवा, गव्हर्नर नको.

मेसेजमधला खरा भाग वापरायचा असेल तर रूटची गरज नाही. सॅमसंगच्या पॉवर सेव्हिंगमध्ये सीपीयूचा वेग ७० टक्क्यांवर रोखायचा पर्याय आहे, आणि अलीकडच्या काही मॉडेलमध्ये 'लाइट' परफॉर्मन्स प्रोफाइलही आहे. दोन्ही शिखर छाटतात, तळाला हात लावत नाहीत. आयफोनचा लो पॉवर मोडही प्रोसेसरला आवर घालतो.

आणि ज्यांच्याकडे जुना, बँकेची अ‍ॅप नसलेला फोन पडलाय आणि हात शिवशिवतायत, त्यांनी खुशाल प्रयोग करावेत. गव्हर्नर आहे तोच ठेवून फक्त मोठ्या कोअरची कमाल मर्यादा दोन-तीन पायऱ्या खाली आणा. स्नॅपड्रॅगन ८८८ सारख्या तापट चिपा असतील तर कोनाबेस अ‍ॅपने जीपीयूचा व्होल्टेजचा तक्ता बदलता येतो. लांबलचक गेममध्ये जीपीयू सतत भाराखाली असतो, त्यामुळे तिथे व्होल्टेज उतरवल्याचा फरक हाताला जाणवू शकतो. मूळ बूट इमेजची (फोन सुरू करणाऱ्या फाइलची) प्रत मात्र आधी संगणकावर काढून ठेवा, कारण तक्ता चुकला तर फोन पडद्यापर्यंतही पोचणार नाही.