टायविन हाच टिरियनचा बाप: एका फिरत्या सिद्धान्ताला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला एक लांबलचक मजकूर पाठवला आणि त्याखाली एवढेच विचारले, "मावशी, मग टिरियनने बापाला मारलंच नाही ना?" जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचा तिसरा खंड तिने नुकताच संपवला आहे. हा मजकूर त्याआधीही मला तीन जणांकडून आला होता आणि मी तो तीनही वेळा न वाचता पुसून टाकला होता. या वेळी मात्र तो शेवटपर्यंत वाचला. त्यातील दावा थोडक्यात असा आहे: टिरियन लॅनिस्टर हा लॅनिस्टर घराण्याचा प्रमुख टायविन याचा मुलगा नसून वेडा राजा एरिस आणि टायविनची पत्नी जोआना यांचा मुलगा आहे; म्हणजे तो जन्माने टार्गेरियन, ड्रॅगनवर स्वार होणाऱ्या राजघराण्याचा, आहे; भविष्यवाणीतील ड्रॅगनच्या तीन मस्तकांपैकी एक तोच आहे; त्याच्यातला चांगुलपणा त्या रक्तातून आलेला आहे; टायविनने त्याचा आयुष्यभर द्वेष केला तो स्वाभाविकच होता; आणि म्हणून टायविनचा खून ही पितृहत्या ठरत नाही. पुढे पाचव्या खंडापर्यंतचे तपशील येतील, हे ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांनी ध्यानात घ्यावे.

पहिला मुद्दा रूपाचा आहे. टिरियनचे केस जवळजवळ पांढरे वाटावेत इतके फिकट आहेत आणि त्याचा एक डोळा हिरवा व दुसरा काळा आहे, हे पहिल्या खंडात (१९९६) स्पष्ट लिहिलेले आहे. मजकुराच्या मते फिकट केस म्हणजे टार्गेरियन आणि वेगळ्या रंगाचा डोळा म्हणजेही टार्गेरियन. परंतु टार्गेरियन डोळे जांभळ्या छटांचे असतात, काळे नव्हे. आणि हिरवा डोळा व पिवळे केस ही लॅनिस्टर घराण्याची ओळख आहे. टायविन आणि जोआना ही सख्खी चुलत भावंडे होती, म्हणजे त्या घराण्याचे रक्त टिरियनकडे दोन्ही बाजूंनी आले. केसांच्या एका छटेवर वंशावळ उभी करायची असेल, तर मग त्या हिरव्या डोळ्याचे काय करायचे, हेही सांगायला हवे.

दुसरा मुद्दा असा, की टिरियनला ड्रॅगनची स्वप्ने पडतात. टार्गेरियन घराण्यातील काही जणांना पडणारी स्वप्ने भविष्य सांगणारी असतात, हे खरे आहे. नेड स्टार्कचा अनौरस मुलगा समजल्या जाणाऱ्या जॉन स्नोला टिरियन जे सांगतो ते मात्र तसले काही नाही. लहानपणी तो वाड्याच्या तळघरात आग पेटवून तिच्याकडे तासन् तास पाहत बसे आणि ती ड्रॅगनची आग आहे अशी कल्पना करी; कधी त्या आगीत त्याचा बाप जळत असे, तर कधी बहीण. ड्रॅगनच्या पाठीवर बसले तर खुरटा, वेडावाकडा, कुरूप मुलगासुद्धा जगाकडे वरून पाहू शकतो, असे तो सांगतो. ज्याला घरात कोणीच वर मान करून पाहत नाही, त्या मुलाचे हे दिवास्वप्न आहे. त्यात रक्ताची खूण शोधायची म्हणजे मुलाचे दुःख बाजूला सारून त्याचे जन्मपत्र तपासत बसायचे.

तीन मस्तकांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. ड्रॅगनला तीन मस्तके आहेत हे वाक्य दुसऱ्या खंडात येते. ती तिन्ही एकाच रक्ताची असतील असे त्यात कोठेही नाही. ड्रॅगनवर फक्त टार्गेरियनच स्वार होऊ शकतात हे गृहीतक तर मार्टिन यांनीच डळमळीत करून ठेवले आहे. 'फायर अँड ब्लड' (२०१८) मध्ये नेटल्स नावाची मुलगी रोज सकाळी नुकतीच मारलेली मेंढी घेऊन जाते आणि एका रानटी ड्रॅगनला हळूहळू स्वतःची सवय लावते. तिच्या आईबापांचा पत्ता कोणालाच नाही. उलट पाचव्या खंडात (२०११) क्वेंटिन मार्टेल आपल्या अंगात ड्रॅगनच्या रक्ताचा थेंब आहे या भरवशावर ड्रॅगनसमोर उभा राहतो आणि भाजून तिसऱ्या दिवशी मरतो. टिरियन ड्रॅगनच्या साखळ्या काढतो तो प्रसंग दूरचित्रवाणी मालिकेतला आहे, पुस्तकांतला नाही. मजकूर लिहिणाऱ्याने ही दोन्ही माध्यमे सोयीनुसार एकमेकांत मिसळली आहेत.

आता जे मान्य करायला हवे ते मान्य करते. एरिसची जोआनावर नजर होती ही गोष्ट चाहत्यांनी मनाने रचलेली नाही. पाचव्या खंडात एरिसच्या पदरी राहिलेले वृद्ध योद्धे सर बॅरिस्टन सेल्मी त्याच्या मुलीला, डेनेरिसला, सांगतात, की जोआनाच्या लग्नात एरिस प्यायला होता, नवरीसोबत पहिली रात्र घालवण्याचा सरदारांचा हक्क रद्द झाल्याबद्दल त्याने सर्वांदेखत खेद व्यक्त केला आणि नवरीला शयनगृहात नेताना तिच्याशी नको तेवढी सलगी केली. 'द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर' (२०१४) या ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे: त्या जगाच्या कालगणनेतील २७२ साली राजधानीतील सोहळ्यात, जुळ्यांना (सेर्सी आणि जेमी यांना) दूध पाजून तुझे स्तन खराब झाले का, असे राजाने तिला भर दरबारात विचारले. टिरियनचा जन्म २७३ सालचा. लेखकाने या तारखा इतक्या जवळ ठेवल्या आहेत, की शंका घेणाऱ्याला पूर्णपणे दोष देता येत नाही. हे मी नाइलाजाने लिहिते आहे, पण ते खरे आहे.

मात्र या प्रसंगांत जे आहे तेवढेच वाचावे. लग्न २६३ सालचे आहे, म्हणजे लग्नातल्या सलगीचा दहा वर्षांनी झालेल्या मुलाशी संबंध जोडता येत नाही. आणि दरबारातल्या प्रसंगात अपमान आहे, सहवास नाही. जोआना एरिसची प्रेयसी असल्याची अफवा तोच ग्रंथ नोंदवतो आणि निराधार म्हणून बाजूला सारतो. फिरत्या मजकुरात मात्र या सगळ्याला 'राजाचे अपुरे प्रेम' म्हटले आहे. दारूच्या नशेत नवरीच्या अंगाशी केलेली झोंबाझोंबी आणि भर दरबारात दोन मुलांच्या आईला विचारलेला तो गलिच्छ प्रश्न यांना प्रेम म्हणणाऱ्याने जोआनाचा विचारच केलेला नाही. ती टिरियनच्या जन्माच्या वेळी मरण पावली. या पाच खंडांत तिला स्वतःची बाजू मांडायला एक वाक्यही मिळालेले नाही. सिद्धान्त खरा मानला, तर एक तर तिने नवऱ्याला फसवले किंवा तिच्यावर बलात्कार झाला. यांपैकी कोणते, हा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याला पडलासुद्धा नाही.

यानंतर टायविनच्या तोंडची दोन वाक्ये पुरावा म्हणून दिली आहेत. तिसऱ्या खंडात (२०००) टिरियन वारसाहक्क मागतो तेव्हा टायविन म्हणतो, की तू माझा नाहीस हे मला सिद्ध करता येत नाही, म्हणून कायद्याने तुला माझे नाव मिळाले आहे. ज्याला सत्य माहीत आहे तो असे बोलत नाही. 'सिद्ध करता येत नाही' ही किळस आलेल्या माणसाची भाषा आहे, आणि त्याच दमात तो टिरियनवर आईला मारून जगात आल्याचा आरोप करतो. दुसरे वाक्य मरतानाचे आहे: तू माझा मुलगा नाहीस. मजकुरात हे वाक्य ठळक अक्षरांत आहे आणि त्याला टिरियनने दिलेले उत्तर गाळले आहे. टिरियन म्हणतो, इथेच तुमची चूक होते, बाबा, मी म्हणजे तुमचीच लहान आवृत्ती आहे. मरणाऱ्याचे वाक्य घ्यायचे आणि मारणाऱ्याचे सोडायचे, हा वाचनातला अप्रामाणिकपणा आहे.

हे उत्तर टिरियनच्या तोंडी सहज आलेले नाही, हे चौथ्या खंडातील (२००५) एका संभाषणावरून कळते, आणि माझ्या मते सगळा वाद तेथेच मिटतो. रिव्हररनच्या वेढ्यात टायविनची सख्खी बहीण जेन्ना आपल्या भाच्याशी, जेमीशी, बोलत आहे. तुझे हसणे या काकासारखे, तुझे लढणे त्या काकासारखे, असे ती कौतुकाने सांगत जाते आणि मग म्हणते, की टायविनचा मुलगा टिरियन आहे, तू नाहीस; हे मी एकदा तुझ्या वडिलांच्या तोंडावर म्हटले, तेव्हा त्यांनी अर्धे वर्ष माझ्याशी अबोला धरला. जेन्ना येथे जन्माचा दाखला देत नसून स्वभावाबद्दल बोलत आहे, हे मला मान्य आहे. तरीही त्या सहा महिन्यांच्या अबोल्याकडे पाहा. ज्या मुलाची टायविनला लाज वाटते, त्याच मुलात त्याची बुद्धी, त्याची जिद्द आणि त्याचा निष्ठुरपणा उतरला आहे. आणि ज्या देखण्या मुलाचा त्याला अभिमान आहे, त्याच्यात यातले काहीच नाही. हे त्याला सहन होत नाही. टिरियन एरिसचा मुलगा ठरला, तर जेन्नाच्या या वाक्याचा प्राणच निघून जातो.

ज्या मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसले तो शेवटचा आहे. मजकूर म्हणतो: टिरियनमधील दया आणि न्यायबुद्धी टार्गेरियन रक्ताची, लॅनिस्टरांमधील क्रौर्य लॅनिस्टर रक्ताचे. ज्याच्याकडून हा चांगुलपणा आला असे सांगितले जाते, तो एरिस कोण होता? रिकार्ड स्टार्कला त्याने दरबारात जिवंत भाजले, त्याच्या मुलाला तेथेच गळफासाने मरू दिले, आणि शेवटी अख्खे शहर लोकांसकट जाळून टाकण्याची आज्ञा दिली. ती आज्ञा पाळली जाऊ नये म्हणून त्याला ठार मारणारा जेमी मात्र लॅनिस्टर होता.

रक्तातून नीती येत नाही, हे या मालिकेत इतक्या ठिकाणी दाखवलेले आहे, की ते नजरेतून सुटावे याचेच आश्चर्य वाटते. सेर्सीचे मुलगे जॉफ्री आणि टॉमेन यांचे आईबाप एकच आहेत. स्टॅनिस सांगतो, की जॉफ्रीने लहान असताना पोटातली पिल्ले पाहण्यासाठी एका गाभण मांजरीचे पोट चिरले होते. आणि त्याच आईबापांचा टॉमेन राजा झाल्यावरही आपल्या तीन मांजरांना जिवापाड जपतो. ओबेरिन मार्टेलने सांगितलेली पाळण्याची हकीकतही अशीच आहे. पाहुण्यांना 'राक्षस' दाखवण्यासाठी सेर्सी तान्ह्या टिरियनचे कपडे सोडते आणि त्याला इतके पिळते, की तो आक्रोश करू लागतो. त्याला दुखते आहे, सोड, असे म्हणून तिला थांबवतो तो जेमी. ती दोघे जुळी आहेत. एकाच गर्भातून, एकाच दिवशी आलेली.

पितृहत्येविषयी तर बोलायलाच नको. बाण सोडताना टिरियनच्या मनात समोरचा माणूस आपला बाप आहे याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. तेरा वर्षांचा असताना आपल्याशी लग्न केलेली टायशा वेश्या नव्हती, तसे खोटे या बापानेच जेमीकडून वदवून घेतले होते, हे त्याला नुकतेच कळले होते. मागाहून कोणी वेगळे जन्मपत्र पुढे आणले म्हणून त्या क्षणी त्याने केलेले कृत्य बदलत नाही. शिवाय त्याच रात्री, त्या बाणाच्या आधी, त्याने आपल्या प्रेयसीचा, शेचा, गळा आवळला होता. फिरत्या मजकुरात तिचे नावसुद्धा नाही. टिरियनला रक्ताच्या गंगेत बुडवून स्वच्छ बाहेर काढायचे, तर शेला विसरावेच लागते.

मजकुराने टिरियनला 'वेस्टेरॉसचा कर्ण' (वेस्टेरॉस म्हणजे ही कथा घडते तो खंड) म्हटले आहे. हे वाचून मला राग आला, कारण कर्णाची कथा नेमकी उलट सांगते. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि राज्य देऊ करतो. कर्ण उत्तर देतो, की अधिरथाने मला उचलून घरी आणले, मला पाहून मायेने राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले. सारी पृथ्वी दिली तरी मी हे नाते नाकारणार नाही. आणि भर सभेत द्रौपदीविषयी तो जे बोलला, ते सूर्यपुत्र असल्यामुळे पुसले गेले नाही आणि सूतपुत्र असल्यामुळे घडलेही नाही.

'स्वतःचे रक्त नसलेल्या मुलावर प्रेम बसत नाही, यात टायविनचा काय दोष' असे एक वाक्य त्या मजकुरात आहे. माझी भाची दत्तक आहे. तिने त्या वाक्याबद्दल काहीच विचारले नाही, पण पाठवताना नेमक्या त्याच वाक्याखाली रेघ मारली होती. त्याच मालिकेत नेड स्टार्क आहे. जॉन स्नोच्या जन्माचे गुपित वेगळे आहे, हा सिद्धान्त मलाही पटतो, कारण त्याला पुस्तकांत भक्कम आधार आहे; आणि तो खरा असेल, तर नेडने दुसऱ्याच्या मुलाला आपला म्हणून वाढवले, त्यापायी स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेतला आणि पत्नीचा रोषही ओढवून घेतला. टायविनने टिरियनचा द्वेष केला, कारण तो ठेंगू होता आणि त्याच्या जन्माच्या वेळी जोआना मेली. तान्ह्या मुलाला यासाठी शिक्षा देणे हा टायविनचा दोष आहे, मूल कोणाचेही असो.

सहावा खंड अजून प्रसिद्ध झालेला नाही. उद्या मार्टिन यांनी त्यात एरिसचेच नाव लिहिले, तर जन्माबाबतचे माझे म्हणणे मी मागे घेईन. शेबद्दलचे आणि त्या तान्ह्या मुलाबद्दलचे घेणार नाही. भाचीला मी फोनवर एवढेच सांगितले, की मारला तो बापच होता. बाकीचे लिहून ठेवले आहे. ती आता चौथ्या खंडात आहे, जेन्नाचे प्रकरण अजून यायचे आहे, आणि पाचवा खंड वाचून झाला की हा लेख मी तिला पाठवणार आहे.